माजघरातली रेंज

गेल्या वर्षी जूनमध्ये, पाऊस लागून आठ दिवस झाले असताना, मी आईच्या घरी वही-पेन्सिल घेऊन एकेका खोलीतून फिरले. घर गोव्याच्या सत्तरी तालुक्यात, वाळपईच्या पुढे, डोंगराच्या कुशीत आहे. भिंती चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, जवळजवळ दोन फूट जाड. वर मंगळुरी कौले, मागे माडा-पोफळींचे कुळागर आणि कुळागराच्या वर रान. वहीच्या पानावर डावीकडे मी जागांची नावे लिहिली होती: पडवी, माजघर, देवघर, स्वयंपाकघर, विहिरीकडचे दार, फणसाखालची जागा. उजवीकडे चार रकाने होते, चार कंपन्यांच्या सिमकार्डांचे. एकाच फोनमध्ये ती चार कार्डे पाळीपाळीने घालायची, प्रत्येक जागी दोन मिनिटे थांबायचे, सेटिंगमध्ये जाऊन सिमची स्थिती उघडायची, तिथे दिसणारा उणे चिन्हाचा आकडा टिपायचा आणि पुढच्या जागी जायचे, असा क्रम दोन दिवस चालला. फोन एकच ठेवणे आवश्यक होते, कारण फोन बदलला की त्याच जागी, त्याच सिमचा आकडाही बदलतो.

आई चुलीपाशी बसून हे सारे पाहत होती. थोड्या वेळाने तिने विचारले, "अगो, कसली मोजणी चाललीय?"

"रेंजची."

"ती फणसाखाली असते. मला विचारलं असतंस तर मीच सांगितलं असतं."

तिचे म्हणणे खरे होते. फणसाखाली चारही कंपन्यांचे आकडे घरातल्या कोणत्याही जागेपेक्षा चांगले निघाले. पण वयाची सत्तर वर्षे ओलांडलेल्या बाईने मुलीशी बोलण्यासाठी पावसात छत्री घेऊन परसात उभे राहावे, हे मला सहन होत नव्हते, आणि ती मोजणी त्यासाठीच होती.

खरे तर सुरुवात रेंजपासून झालीच नव्हती. झाली होती बॅटरीच्या तक्रारीपासून. आईचा फोन सकाळी पूर्ण चार्ज केलेला असूनही दुपारी दोन-तीनला बंद पडे. मी पणजीला नोकरीसाठी असते; संध्याकाळी फोन लावला की तो बंद असल्याचे कळे आणि पुढचा सगळा वेळ काळजीत जाई. मी आईला घेऊन वाळपईच्या बाजारात गेले. दुकानदाराने बॅटरी जुनी झाल्याचे सांगितले आणि नव्या बॅटरीत पैसे घालण्यापेक्षा पाच हजार एमएएच बॅटरीचा नवा फोन घ्यावा, असा सल्ला दिला. सल्ला वाईट हेतूने दिलेला नव्हता. मी त्या रात्री इंटरनेटवर बसून पाच-सहा फोनांची तुलना केली, बॅटरी, रॅम, कॅमेरा, पडद्याची लांबी-रुंदी सगळे शेजारी-शेजारी मांडून पाहिले आणि एक फोन घेतला. महिन्याभरात तोही संध्याकाळच्या आत बंद पडू लागला. मात्र तोच फोन आई चार दिवस माझ्याकडे पणजीला आली तेव्हा दीड दिवस पुरला.

या एका फरकाने मला विचार करायला लावले. मोबाईल हा एकाच वेळी ऐकणारा आणि बोलणारा रेडिओ आहे. टॉवर जवळ असला की तो हळू आवाजात बोलतो. टॉवर लांब असला किंवा मध्ये डोंगर, झाडे, भिंती आल्या, की आपली शक्ती वाढवतो. समोर बसलेल्या माणसाशी कुजबुजून चालते, पण पलीकडच्या टेकडीवरच्याला हाक घालायची तर ऊर फुटेस्तोवर ओरडावे लागते, तसेच हे आहे. आईचा फोन माजघरातल्या फळीवर ठेवलेला असे, म्हणजे घरातल्या सर्वांत आतल्या जागी. तिथे तो दिवसभर टॉवर शोधत, हाका मारत, थकत राही. मी बॅटरीची तुलना केली होती आणि दुखणे भिंतीत होते.

त्यानंतर मी या विषयाकडे वेगळ्या नजरेने पाहू लागले. स्मार्टफोनांची तुलना एका पानावर आणि कंपन्यांच्या योजनांची तुलना दुसऱ्या पानावर, अशीच आपल्याला सवय आहे. भारतात तसे करणे सोपेही आहे, कारण आपल्याकडे फोन बहुतेक करून मोकळा, कोणत्याही कंपनीशी न बांधलेला, विकत मिळतो आणि सिमकार्ड वेगळे घेतले जाते. शिवाय एका फोनमध्ये दोन सिमची सोय आपल्याकडे इतकी रुळली आहे की तिच्यावाचूनचा फोन कुणी सहसा मागत नाही. पण माझ्या अनुभवाने ही दोन पाने एकमेकांपासून सुटी करता येत नाहीत, आणि त्या दोन्हींच्या आधी तिसरे पान उघडावे लागते. फोन घेणारा माणूस दिवसाचा कोणता वेळ कोणत्या छपराखाली घालवतो, हे त्या पानावर लिहिलेले असते.

फोनच्या कोपऱ्यातल्या उभ्या रेघा या कामी फारशा उपयोगाच्या नाहीत. किती शक्तीला किती रेघा दाखवायच्या, याचे सर्वांना बांधील असे एक माप नाही. प्रत्येक उत्पादक आपापले गणित ठरवतो. २०१० साली आयफोन ४ हातात विशिष्ट पद्धतीने धरला की रेघा झपाट्याने कमी होतात, अशी ओरड झाली, तेव्हा रेघा मोजण्याचे आपले सूत्रच चुकीचे होते आणि अनेकदा ते खऱ्यापेक्षा जास्त रेघा दाखवीत होते, असे अ‍ॅपलने स्वतः जाहीर केले होते. म्हणून सिमच्या स्थितीतला उणे आकडा पाहावा. ४जीच्या बाबतीत उणे ८५ च्या आसपास असेल तर उत्तम, उणे ११० च्या खाली गेला तर बोलणे तुटण्याची तयारी ठेवावी. हा आकडा साधा वजाबाकीचा नव्हे, हे मला उशिरा कळले. उणे ९५ आणि उणे १०५ यांत दहाचाच फरक दिसतो, पण शक्तीच्या हिशेबात दुसरा सिग्नल पहिल्याच्या एक दशांश असतो. माझ्या वहीत पडवी आणि माजघर यांच्यामध्ये एका कंपनीच्या रकान्यात अठराचा फरक पडला, मध्ये भिंती फक्त दोन.

हे असे का होते, याचे उत्तर लहरींच्या लांबीत आहे. ७०० मेगाहर्ट्‌झची लहर सुमारे ४३ सेंटीमीटर लांब, म्हणजे जवळजवळ हातभर असते. ५जीसाठी वापरली जाणारी ३,३०० मेगाहर्ट्‌झची लहर जेमतेम ९ सेंटीमीटरची. लांब लहरी डोंगराच्या कडेने वळून पुढे जातात आणि भिंतीतून निघताना कमी दमतात. आखूड लहरी भरपूर डेटा वाहतात, पण भिंत आणि पानोळा त्यांना लवकर अडवतो. कोणत्या कंपनीकडे या लहरींचे कोणते पट्टे आहेत, हे सरकारी लिलावात ठरते. २०२२ च्या लिलावात ७०० चा पट्टा एकट्या जिओने घेतला. बीएसएनएलला तो लिलावाबाहेर सरकारने दिला. शहरातल्या मैदानी भागात ज्या कंपनीचा वेग डोळे दिपवतो, तिची सत्तरीतल्या घरात बोलती बंद होऊ शकते, ती यामुळे. आणि नेमके उलटही घडते.

आपल्या घरांचाही यात मोठा वाटा आहे. चिरा सच्छिद्र असतो. पावसाळ्यात तो पाणी पितो, आणि ओली भिंत कोरड्या भिंतीपेक्षा जास्त सिग्नल गिळते. ओली झाडे तेच करतात. मोबाईलच्या लहरींना पडणाऱ्या पावसाचा स्वतःचा अडथळा फार थोडा असतो. अडतात त्या पावसाने भिजून जड झालेल्या माडा-पोफळींत आणि रानात. म्हणूनच मी मोजणी जूनमध्ये केली. मे महिन्यातले आकडे घेऊन निर्णय केला असता तर तो चार महिने चुकीचा ठरला असता. कंपन्यांनी आपल्या जाळ्याचे नकाशे संकेतस्थळावर ठेवावेत, असे दूरसंचार नियामक ट्रायच्या २०२४ च्या नियमांनी बंधन घातले आहे आणि ते चांगलेच झाले. ते नकाशे जरूर पाहावेत, पण आईच्या माजघराची भिंत कोणत्याही नकाशात नाही.

गोव्याची या बाबतीतली जागा जरा निराळी आहे, आणि ती आमच्या घरात फार जवळून जाणवलेली आहे. भारतात मोबाईलवरून पहिले संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी झाले, कोलकात्याहून पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी दिल्लीत केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांच्याशी केलेले. त्या काळी देशाचे परवान्यांसाठी जे विभाग पाडले गेले, त्यांत गोवा स्वतंत्र राहिला नाही. तो महाराष्ट्राच्या विभागात घातला गेला, आणि आजही 'महाराष्ट्र आणि गोवा' हाच आपला विभाग आहे, मुंबई मात्र त्यातून वेगळी. त्यामुळे दोडामार्गला किंवा सावंतवाडीला गेले तरी फोनच्या लेखी आपण घरीच असतो. पूर्वेकडचा चोर्ला घाट चढला की कर्नाटक विभाग लागतो. माझ्या आईचे माहेर जांबोटीकडचे. तिथे तीच मराठी, तीच नात्याची माणसे, तासा-दीड तासाचा रस्ता. पण घाटमाथ्यावर फोनची हद्द बदलायची आणि आलेल्या फोनलाही पैसे पडायचे. आपल्या विभागात आलेला फोन २००३ पासून फुकट झाला होता, हद्दीबाहेर मात्र ती सवलत नव्हती. आई माहेरी पोचली की पहिल्यांदा फोन बंद करून पेटीत ठेवी. आजोबा गेले त्या वर्षी ती पंधरा दिवस तिथे राहिली, आणि त्या पंधरा दिवसांत मी तिच्याशी दोनदाच बोलले. २०१५ च्या १५ जूनपासून बीएसएनएलने देशभर आलेला फोन विनामूल्य केला आणि पुढे इतर कंपन्यांतही तो भेद मिटत गेला. आजच्या मुलांना 'रोमिंग' हा शब्द परदेशप्रवासापुरता ठाऊक असतो. मला तो ऐकला की चोर्ल्याचा माथा आठवतो.

दर किती बदलले हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून त्यावर फार थांबत नाही. २००९ साली टाटा डोकोमोने सेकंदाला एक पैसा लावला आणि इतरांना तसे करावे लागले. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आले आणि बोलण्याचे पैसे वेगळे मोजणेच थांबले. मात्र एक गोष्ट मला अजून खटकते. प्रचलित योजनांचा महिना २८ दिवसांचा असतो, म्हणजे वर्षात बाराऐवजी १३ वेळा पैसे भरावे लागतात. तीस दिवसांची निदान एक योजना ठेवाच, असे ट्रायने २०२२ मध्ये कंपन्यांना सांगितले. डिसेंबर २०२४ मध्ये फक्त बोलणे आणि संदेश यांसाठी वेगळ्या योजना द्याव्यात, असाही आदेश निघाला. ज्यांना इंटरनेट लागतच नाही, अशा किती म्हाताऱ्या माणसांकडून आपण रोजच्या दीड-दोन जीबीचे पैसे घेत आलो! आमच्या वाड्यावर अशी निदान सहा घरे आहेत. मी त्या सगळ्यांना या योजना सांगितल्या. कारण दुकानातल्या फलकावर त्या ठळक लिहिलेल्या क्वचितच दिसतात, विचारावे लागते.

आता फोनकडे वळते. मोजणीच्या सुमारास माझ्या आतेभावाने मस्कतहून येताना आईसाठी एक फोन आणला. देखणा, महागडा, कॅमेरा असा की देवघरातल्या समईची ज्योतही स्पष्ट येई. त्यात आईचे सिम घातले तर फोन लागायला दहा-बारा सेकंद जात आणि बोलणे सुरू असताना इंटरनेट बंद होई. आम्ही कंपनीला दोष दिला, कार्ड बदलून घेतले, तरी फरक पडेना. दोष कंपनीचा नव्हता. ४जीवरून बोलण्यासाठी फोनमध्ये त्या-त्या कंपनीची सोय उत्पादकाने चालू केलेली असावी लागते, आणि दुसऱ्या देशात विकण्यासाठी बनवलेल्या फोनमध्ये ती नसू शकते. कधी आपल्याकडचा एखादा पट्टाही त्यात नसतो. असा फोन बोलण्याच्या वेळी बहुधा २जीवर उतरतो. गोव्यात आखातातून, विलायतेतून, बोटीवरून फोन येत नाहीत असे घर विरळा. आणणाऱ्याने प्रेमाने आणलेला असतो, त्याला हे सांगणे जड जाते. म्हणून विकत घेण्याआधीच, त्या मॉडेलचा भारतात विकला जाणारा प्रकार आणि परदेशात घ्यायचा तो प्रकार यांचे पट्टे ताडून पाहावेत, हे मी आमच्या सर्व परदेशी नातलगांना आता आधीच लिहून पाठवते.

पाण्याच्या बाबतीतही एक गैरसमज आहे. पाण्यापासून बचावाचा आयपी ६७ किंवा ६८ हा दर्जा लिहिलेला फोन आपण निश्चिंतपणे मिरामारच्या लाटेत नेतो. त्या चाचण्या गोड्या पाण्यात, ठरावीक खोली आणि वेळ मोजून होतात. खारे पाणी त्यांत धरलेले नाही आणि पाण्याने बिघडलेल्या फोनला हमीही बहुधा लागू होत नाही.

आईसाठी मी शेवटी निकष उतरवले ते असे निघाले. ऐकू येण्याचा आवाज मोठा हवा. देवनागरी लिहिताना जोडाक्षरे न अडखळता यायला हवीत, कारण ती मराठी शाळेत शिकलेली आहे आणि रोमन लिपीत मराठी लिहिणे तिला अपमानासारखे वाटते. पूर्वी देवनागरीत संदेश लिहिला की १६० ऐवजी ७० अक्षरांतच तो भरायचा आणि दोन संदेशांचे पैसे कापले जायचे, तरी तिने कधी रोमन लिहिले नाही. सुरक्षेच्या सुधारणा निदान चार-पाच वर्षे येत राहाव्यात, कारण बँकेचा निरोप आता याच यंत्रावर येतो. गूगलच्या पिक्सेल ८ पासून आणि सॅमसंगच्या एस २४ पासून सात वर्षांचे आश्वासन मिळते, पण स्वस्त फोनांत ते बरेच कमी असते आणि खोक्यावर ठळक छापलेले नसते. चौथा निकष वायफायवरून साधा फोन करण्याची सोय, आणि तीही तिच्याच कंपनीशी जुळणारी. कॅमेरा, रॅम, पडद्याचा वेग यांचे रकाने मी कोरे ठेवले.

वायफायचा निकष सर्वांत महत्त्वाचा ठरला. गेल्या वर्षी वाड्यापर्यंत फायबरची तार आली होती आणि भावाने मुलांच्या अभ्यासासाठी जोडणी घेतली होती. २०२० साली शाळा ऑनलाइन झाल्यावर सत्तरीतली आणि सांग्यातली मुले रेंजसाठी टेकडीवर जाऊन बसत होती, हे सगळ्या गोव्याने वर्तमानपत्रांत वाचले. आमच्या घरातली दोन मुले त्यांच्यातलीच. ग्रामसभेत त्या वेळी टॉवर हवा म्हणणारे आणि घराजवळ नको म्हणणारे समोरासमोर आले, आणि काही घरांत तर ही दोन्ही मते एकाच छपराखाली होती. मला नको म्हणणाऱ्यांची भीती समजते. पण भारतात टॉवरच्या किरणोत्सर्गाची मर्यादा २०१२ पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश ठेवली आहे, आणि टॉवर लांब गेला की कानाशी धरलेला फोन अधिक शक्तीने बोलू लागतो, हेही त्याच सभेत कुणीतरी सांगायला हवे होते. मी तेव्हा सांगितले नाही, कारण मलाच ते ठाऊक नव्हते.

कंपनी बदलायची तर आईची एकच अट होती, नंबर तोच राहिला पाहिजे. तो नंबर गॅसवाल्याच्या वहीत आहे, देवळाच्या समितीच्या यादीत आहे आणि जांबोटीच्या मामींना पाठ आहे. २०११ च्या २० जानेवारीपासून देशभर नंबर न बदलता कंपनी बदलता येऊ लागली, आणि ३ जुलै २०१५ पासून विभागाची हद्दही आड येईनाशी झाली. इंग्रजीत 'PORT' असे लिहून, पुढे आपला नंबर घालून १९०० वर संदेश पाठवला की आठ अक्षरांचा संकेत येतो. तो नव्या कंपनीला द्यायचा. डिसेंबर २०१९ च्या नियमांनंतर त्याच विभागातले काम कामकाजाच्या तीन दिवसांत होते. मात्र नुकतेच सिम बदलून घेतले असेल तर आधी सात दिवस थांबावे लागते, आणि मस्कतच्या फोनपायी आम्ही कार्ड बदललेले होते, म्हणून आम्ही सात दिवस थांबलो. कोणती कंपनी घेतली हे मी इथे लिहीत नाही. आमच्या माजघरात तिचा आकडा सर्वांत बरा होता, एवढेच. टेकडीपलीकडच्या माझ्या वर्गमैत्रिणीच्या घरी हीच कंपनी चौथी आली. शिवाय त्यानंतर, २७ सप्टेंबर २०२५ ला, बीएसएनएलच्या देशी बनावटीच्या ४जी जाळ्याचे उद्घाटन झाले आहे. तेव्हा येत्या जूनमध्ये वहीचे नवे पान काढणार आहे.

दुसऱ्या खाचेत दुसऱ्या कंपनीचे सिम ठेवले आहे, कमीत कमी पैशांचे, केवळ आलेले फोन आणि अडीनडीची वेळ यांसाठी. वीज गेली की राउटर बंद पडतो आणि माजघर पुन्हा मुके होते. त्या वेळी हे दुसरे सिम उत्तरेच्या खिडकीत लागते, असे वहीत लिहिलेले होते. ते मी आईला सांगायचे राहून गेले होते.

चवथीच्या आदल्या रात्री मी पणजीहून निघायच्या तयारीत होते. माटोळीचे, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या रानफळा-फुलांच्या छताचे, सामान किती आले, हे विचारायला फोन लावला. आई स्वयंपाकघरातून बोलत होती, मागे नेवऱ्या तळल्याचा आवाज होता. बोलता बोलता फोन तुटला. पुन्हा लावला, लागला नाही. मिनिटभरात तिच्या दुसऱ्या नंबरावरून फोन आला.

"वीज गेली गो," ती म्हणाली. "मी उत्तरेच्या खिडकीशी आलेय. इथे या दुसऱ्याला चांगली रेंज असते, गेला महिनाभर बघतेय मी. बरं, तू येताना कांगणां आण, इथे रानात अजून मिळाली नाहीत."